गैरहजर

पेटी पत्र्याची, एकेकाळी निळी.
किल्ली माझ्याकडं असते.
दर शनिवारी, ओपीडी झाडून झाली की उघडते
आणि आधी कचरा वेगळा काढते:
गोळ्यांची रिकामी पाकिटं, एसटीची तिकिटं,
एकदा तर मूठभर शेंगांची टरफलं.
मग चिठ्ठ्या.

अकरा वर्षं माझं काम मोजायचं होतं.
समाधानी, बरं, असमाधानी. तीन चौकोन.
खुणा मोजायच्या, टक्के काढायचे,
साहेबांची सही घेऊन वरती पाठवायचे.
चौकोनांखाली दोन ओळी मोकळ्या असत.
त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता
म्हणून मी त्या वाचत नसे.
हे कबूल केलेलं बरं.

चैत्र होता. पंखा गरम हवाच इकडची तिकडं करत होता.
एक चिठ्ठी निघाली फॉर्मवर नसलेली,
विडीच्या बंडलाच्या कागदावर,
गोल गोल अक्षरांत.
मी जन्मापासून सोलापूरची. तेलुगू कळतं,
वाचता येत नाही.
ड्रेसिंगच्या नरसव्वा मावशींनी चष्मा पदराला पुसला,
आधी मनात वाचलं,
मग माझ्याकडं न बघता मोठ्यानं:

"मी कोंडा अंबय्या. छत्तीस वर्षं लूमवर काढली.
लूम विकला, कानातला अजून चालू आहे.
तुमची बाई नंबर ओरडते.
खिडकीला जाळी आहे, तिचे ओठ दिसत नाहीत.
तीन गुरुवार आलो.
तिन्ही वेळा माझा नंबर माझ्यासमोरून गेला.
साखरेच्या गोळ्या संपल्या.
राग नाही. नुसतं सांगतो."

तुमची बाई म्हणजे मी.

मी ओरडते, घसा बसेपर्यंत.
जे उठत नाहीत ते चहाला गेले असतील
असं धरून चालायचे.
रजिस्टर काढलं. बोट खाली खाली नेलं.
कोंडा अंबय्या, वय त्रेसष्ट, गैरहजर.
पुढच्या गुरुवारी, गैरहजर.
त्याच्या पुढच्या.
माझं अक्षर चांगलं आहे,
शाळेत बक्षीस मिळालं होतं.
किती सुबक लिहिलं होतं मी ते.

साहेब म्हणाले, नंबराच्या लाल दिव्यांचा प्रस्ताव पाठवू.
प्रस्ताव गेला. अजून तिकडंच आहे.
शिपाई हुलसुरे बंद पडलेल्या बालवाडीतून
एक फळा उचलून घेऊन आला,
एक पाय नसलेला. भिंतीला टेकवला.
खडू मी घरून आणले.

फळ्यावर नंबर दिसू लागल्यावर
हॉलमधला गलका कमी झाला, हे मला आधी कळलंच नाही.
कळलं ते घशामुळं.
एक पोरगी लेकराला घेऊन दाराबाहेर सावलीत बसली,
तिथूनच फळा बघत.

आता मी खालच्या ओळी वाचते.
"संडासाला आतून कडी नाही, मुलाला बाहेर उभं केलं."
कडी बसली, अडीच महिन्यांनी.
"डॉक्टर कागदाला तपासतात. मी शेजारी बसले होते."
ही साहेबांच्या टेबलावर ठेवली.
त्यांनी वाचली, घडी घातली, खिशात टाकली.
पुढं काय झालं माहीत नाही.
एका कागदावर नुसता अंगठा उमटलेला,
निळा, जरा ओढला गेलेला.
तक्रार की आशीर्वाद, कोण सांगणार?
तो मोजला नाही. फेकलाही नाही.

श्रावणातल्या गुरुवारी अंबय्या आले.
नरसव्वा मावशींनी खूण केली म्हणून कळलं.
डाव्या पायाला पट्टी, हातात काठी.
पायाचं बोट काढलं होतं महिन्यापूर्वी,
दुसरीकडं, मोठ्या दवाखान्यात.
फळ्यावर एकोणीस लिहिला. ते बसूनच.
मी खडू धरून उभी राहिले, पुसलं नाही.
शेजारच्याने कोपर लावलं तेव्हा उठले.
मला काही बोलायचं होतं.
बोलून काय ऐकू जाणार होतं?
हजर, असं लिहिलं.
हात कापल्यामुळं ते चांगलं आलं नाही.

शनिवारी पेटीत विडीचा कागद.
मावशींनी वाचला आणि हसायला लागल्या:
"फळा चांगला. पण बाईचा एक नऊसारखा दिसतो.
मी नव्व्याण्णवची वाट बघत बसलो."

तेव्हापासून एक काढताना
मी हात जरा सावकाश चालवते.